माणिकबाईजवळ ठेवलेले नारळ

लोकं लेक देतात ते पोराची नोकरी पाहून, शेती पाहून, लयच झालं त सासूचा स्वभाव पाहून. आमच्या वयनीनं लेक दिली विमानाचं टाइमटेबल पाहून. मी तिची सख्खी नणंद आहे, केशर माहं नाव, म्हणून मले हे बोलायचा हक्क आहे. बाहेरचं कोणी तिले हसलं त मी त्याले सोडत नाही.

वयनीचं नाव माणिकबाई. माहा भाऊ भगवंतराव, त्याची बायको. अमरावतीजवळ, भातकुलीच्या अलीकडं आमची फुलवाडी आहे, झेंडू अन् शेवंती. माहं सासर अंजनगाव सुर्जीचं. मालक वारले, लेकरूबाळ नव्हतं, मंग भाऊ आला अन् मले घेऊन गेला. तवापासून मी अन् वयनी एका चुलीवर आहो. रोज भांडतो, पण चूल एकच.

आमच्या विहिरीचं पाणी खारं आहे. हा सारा पट्टाच खारपाणाचा. त्या पाण्यात चहा मांडला त दूध फाटते, म्हणून चहाले नळाचं पाणी आणा लागते. पण वयनीले पिण्याले विहिरीचंच पाणी पायजे. नळाच्या पाण्याले चवच नाही म्हणते. तिच्या माठातलं पाणी पाहुण्यानं तोंडात घेतलं की त्याचं तोंड पाहण्यासारखं होते.

आता तिचा नियम सांगतो, कारण सारं रामायण त्या नियमानं झालं. लेकीच्या मांडीवर लेकरू येत नाही तोवर लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. तिच्या आईनं पाळला, आजीनं पाळला. आता कोण मानते हे? लोकं लेकीकडं महिना महिना राहतात, जवायाच्या हातचा चहा पितात अन् वरून साखर कमी आहे म्हणतात. पण वयनीनं एक डाव धरलं की सुटत नाही. अन् या नियमाच्या पोटातून तिनं दुसरा नियम काढला. करिश्माले, म्हणजे तिच्या एकुलत्या एक लेकीले, तिथंच द्यायचं जिथून सकाळी गेलेला माणूस दिवाबत्तीच्या आत घरी परत येते. पुण्याचं स्थळ आलं, चांगलं होतं, नाही म्हणाली. नाशिकचं आलं, तेही नाही. भगवंतराव वैतागून म्हणाला, "मंग समोरच्या गोठ्यातच दे तिले."

अशात आमच्या अमरावतीले विमान आलं.

पूर्णा एअर नाव कंपनीचं. लहानसं शेंदरी विमान, दोन पंख्यांचं, एकोणीस माणसं बसतील एवढं. सकाळी मुंबईले जाये अन् संध्याकाळी परत येये. मोठ्या कंपन्या म्हणे लहान गावात येत नाहीत, म्हणून ही कंपनी आमच्यासारख्या गावातले लोकं उचलून मुंबईच्या मोठ्या विमानापाशी नेऊन सोडत होती. ते ठीक आहे. पण वऱ्हाडातला माणूस मुंबईले चालला त एकटा निघत नाही. त्याले पोचवायले भाऊ, भावजय, साडू, शेजारी, शेजाऱ्याचा साडू, सारे टेम्पो करून येत. आत जाणारा एक अन् बाहेर रडणारे वीस. जो जाये त्याच्या गळ्यात हार, हातात नारळ, बाई असली त भरली ओटी. जसा काही काशीलेच चालला.

मंग काय, वयनीनं विमानतळाच्या फाट्यावर कडुनिंबाखाली हाराचं दुकान मांडलं अन् म्या तिच्या बाजूले चहाचं. रडून रडून लोकायले चहा लागतेच.

पहिल्याच आठवड्यात एक भानगड झाली. आतल्या शिपायानं एका म्हाताऱ्या बाईले दारातून परत पाठवलं. नारळ आत जात नाही म्हणे, हातातही नाही अन् सामानातही नाही, कंपनीचा नियम. दारापाशी एक प्लॅस्टिकचा डरम ठेवला होता, त्यात टाका म्हणे. त्या डरमात आधीच चार-पाच नारळ पडले होते, चिप्सच्या रिकाम्या पुड्यायमंदी. बाई दारातच बसली. "भरल्या ओटीचा नारळ कचऱ्यात टाकू?" एवढंच म्हणे अन् रडे. मागून तिचा पोरगा घड्याळ पाहे.

वयनी उठली, पदर खोचला अन् सरळ गेली. "माय, दे इकडं. मी सांभाळतो. तू आली की तुह्या ओटीत घालतो, जसाच्या तसा." मंग शिपायाकडं वळली. "अन् त्या डरमातलेही काढ. देवाची वस्तू आहे, तुह्या कंपनीले कळत नसन त मले कळते."

तो दिवस अन् पुढचा प्रत्येक दिवस. संत्र्याच्या रिकाम्या पेट्या आणल्या, त्यात नारळ रचले. वयनीले लिहिण्यावाचण्याचा कंटाळा, म्हणून तिनं तिची पद्धत काढली. बाईच्या पदराचा एक दोरा काढायचा अन् नारळाच्या शेंडीले बांधायचा. माणूस असला त दुपट्ट्याचा दोरा. परत आल्यावर बाईनं दोऱ्याचा रंग सांगायचा अन् नारळ घेऊन जायचा. एक डाव दोन हिरव्या पदराच्या बाया एकाच विमानानं परत आल्या अन् एकाच नारळावरून अशा जुंपल्या की आतले पायलट बाहेर येऊन पाहत होते. वयनीनं दोघींच्या कानाजवळ नारळ हलवून दाखवले, एकात पाणी जास्त, एकात कमी. जिचा आवाज मोठा होता तिले जास्त पाण्याचा दिला, तवा कुठी भांडण थंड झालं.

हळूहळू लोकायनं मानूनच घेतलं की माणिकबाईजवळ नारळ ठेवला म्हणजे माणूस सुखरूप परत येते. ज्याच्याजवळ नारळ नसे तोही आमच्याकडून विकत घेऊन आमच्याजवळच ठेवे. म्या म्हटलं, "वयनी, तुह्या भरवशावर विमान उडून राहिलं आहे." तिले खरंच वाटलं ते. तोंडावर नाही दाखवलं, पण दुसऱ्या दिवशी पेट्यायले हळदकुंकू लागलं होतं.

कंपनीचा इथला मॅनेजर नितेश. अकोल्याचा पोरगा, जुन्या शहरातला, मोर्णा नदीच्या पलीकडचा. उन्हाळ्यातही गळ्यात टाय. चहा प्यायले दिवसातून चारदा येये अन् वयनीले मावशी म्हणे. अमरावतीवाले त्याले चिडवत, "का बे, तुमच्या अकोल्याले विमान नाही म्हणून आमच्याकडं आला काय?" तो हसे. लाघवी पोरगा होता. त्यानंच स्थळ सांगतलं. त्याच्या गल्लीतला अमोल, मुंबईले औषधाच्या कंपनीत, घरचे लोकं सज्जन. वयनी नाही म्हणायले तोंड उघडणार तेवढ्यात तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं. डोळे बारीक करून ती धावपट्टीकडं पाहत राह्यली.

पाहण्याच्या दिवशी पोहे यायच्या आधीच तिनं अमोलले विचारलं, "तुमच्या घरून विमानतळ किती लांब आहे?"

तो गोंधळला. "अर्धा तास, ट्रॅफिक नसलं तर."

"अन् असलं तर?"

"मग तासभर, मावशी."

वयनीनं बोटावर हिशेब केला. सकाळी इथून निघायचं, दुपारभर लेकीजवळ बसायचं, संध्याकाळच्या विमानात बसायचं, दिवाबत्तीले घरी. हिशेब जुळला. नाशिकपेक्षा मुंबई जवळ निघाली. मंग तिनं नितेशकडं पाह्यलं, तो मध्यस्थ म्हणून मानानं सतरंजीवर बसला होता.

"विमान बंद त नाही होणार?"

"मावशी, कंपनी वाढून राहिली आहे. बंद काहून होईन? मी आहे ना."

"तू आहे ना?"

"मी आहे."

भगवंतराव सुपारी कातरत बसला होता. "विमान याच्या बापाचं आहे काय," तो म्हणाला. पण माहा भाऊ इतका हळू बोलते की ते फक्त मले ऐकू आलं. करिश्माले पोरगा पसंत होता. तिनं साऱ्यायले पोहे दिले, पण शेंगदाणे सारे अमोलच्या ताटलीत गेले, त्यावरून मले कळलं.

लग्न झालं. नितेशले पहिल्या रांगेत बसवून दुपट्टा-टोपी केली. पोरगी विमानानं सासरी गेली, आमच्या भावकीत अशी पहिलीच. फाट्यावर ओटी भरली, अन् दारापाशी शिपायानं काही म्हणायच्या आधीच वयनीनं नारळ परत घेतला. शालूच्या पदराचा पिवळा दोरा शेंडीले बांधला. तो नारळ तिनं पेटीत नाही ठेवला, घरी नेला अन् देवाच्या फळीवर ठेवला. "पहिल्या बाळंतपणाले येशील तवा तुह्या ओटीत घालतो," असं तिनं करिश्माले सांगून ठेवलं होतं.

महिन्याभरानं वयनी लेकीले भेटायले निघाली. पहिलाच विमानप्रवास. सोबत भाकर, ठेचा अन् विहिरीच्या पाण्याची बाटली, कारण लेकीच्या घरचं चालत नाही. आता पाहा गंमत. विमान जमिनीवरून उठलं अन् तिनं एका हातानं खुर्ची घट्ट धरली. तिनं जी बाटली तोंडाले लावली ते ढगायच्या वर जाईस्तोवर काढली नाही. मुंबईत उतरली तवा बाटली कोरडी. दिवसभर लेकीच्या घरी बसली, ओठ वाळले, करिश्मा पाण्याचा गिलास घेऊन पुढं पुढं करे अन् ही मान हलवे. "माय, घोटभर पी वं, कोण पाहून राह्यलं?" "मी पाहून राहिली ना," वयनी म्हणाली अन् तोंडात लवंग धरून बसली.

परतीच्या विमानात मात्र तिनं कागदाच्या पेल्यानं इतकं पाणी मागतलं की ती वाढणारी पोरगी थकली. म्या विचारलं, "हे कसं चाललं?" त म्हणे, "कंपनी काय माही लेक आहे?"

तशी ती दर महिन्याले जाये. साऱ्या विमानवाल्यायले माहीत झाली होती. तिच्यासाठी पाण्याचे पेले आधीच भरून ठेवत.

कंपनीचे ते दिवस लय भारी होते. दुसरं विमान आलं. अकोलेवाल्यायचा रुसवा काढायले त्यायनं अकोल्याचा थांबा केला. मुंबईहून निघालेलं विमान आधी अकोल्याले उतरे अन् मंग अमरावतीले. अकोल्याहून उठल्यावर लोकं पट्टा बांधत तवर अमरावती येये. म्या नितेशले म्हटलं, "पोरा, एवढ्याशा अंतराले आमी ऑटो करतो." तो म्हणाला, "काकू, याले विस्तार म्हणतात." मले काय, म्या एक जर्मनचं भगोनं आणखी घेतलं.

पण चहावाल्या बाईले पहिले कळते. विमानात आधी लिमलेटच्या गोळ्या मिळत, त्या बंद झाल्या. मंग पाण्याचे पेले गेले, घरून बाटली आणा म्हणे. पायलटलोकं आधी चहा पिऊन हसत निघत, आता ते बाजूले जाऊन फोनवर कोणाले तरी विचारत, कधी होईन, कधी होईन. दुसरं विमान एक दिवस कोपऱ्यात उभं राह्यलं ते तिथंच राह्यलं. त्याचा एक पुर्जा मुंबईहून येणार होता म्हणे. म्या पाह्यलं, त्याचेच पुर्जे काढून पहिल्या विमानाले लावून राहिले होते. अकोल्याचा थांबा गेला. रोजचं विमान तीन दिवसाआड झालं. विस्तार कुठी गेला ते म्या नितेशले विचारलं नाही, त्यानं टाय घालणं सोडलं होतं.

वयनीचा खरा घात झाला तो विमान त्याच संध्याकाळी परत येणं बंद झालं तवा. आता सकाळी मुंबईले गेलं त परत यायले दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ. म्हणजे रात्र लेकीच्या घरी, अन् रात्रभर पाण्यावाचून कोण राहीन? तिचं जाणं बंद झालं. अन् त्याच महिन्यात करिश्माचा फोन आला की तिले दिवस गेले आहेत.

वयनी त्या दिवशी साऱ्या फाट्यावर साखर वाटत फिरली. मंग येऊन माह्याजवळ बसली अन् म्हणाली, "केशरबाई, लेकीचं तोंड कधी पाहीन वं मी?" अशी बोलणारी बाई नाही ती. म्या तिले चहा दिला.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही फक्त वयनीचं नाही, साऱ्या जगाचं आहे. सातव्या महिन्यात आणायचं ठरलं. करिश्माची डॉक्टरीणबाई कडक. रेल्वेनं रात्रभर हादरे खात जायचं नाही, नागपूरले उतरून तिथून गाडीनंही नाही, सरळ दोन तासाचं विमान असलं त जा, म्हणाली. आता सारं आलं त्या एका शेंदरी विमानावर. तिकीट काढलं, विमान रद्द झालं. दुसऱ्या आठवड्याचं काढलं, तेही रद्द. तिसऱ्या वेळी नितेशनं स्वतः सांगतलं, "मावशी, या डाव नक्की. मी वरपर्यंत बोललो आहे."

त्या दिवशी वयनी दुपारपासूनच तयार. देवाच्या फळीवरचा नारळ पुसून आणला, पिवळा दोरा तसाच होता. भाकरतुकडा ओवाळून टाकायले ताटली, पाण्याचा तांब्या, मऊ उशी ऑटोत. भगवंतरावानं ऑटोच्या सीटवर गादी अंथरली अन् स्वतः त्यावर बसून उसळून पाह्यलं, हादरा किती बसते ते. दिवस खाली आला. धावपट्टीवर एक कुत्रं आलं अन् गेलं. आभाळात काही नाही.

मंग नितेश आतून आला. चालत आला, पण कडुनिंबाच्या अलीकडं थांबला. "मावशी, विमान मुंबईहून उठलंच नाही. तेल देणाऱ्यायनं तेल दिलं नाही. आता नाही उठणार ते."

तेवढ्यात करिश्माचा फोन. ती तिकडं विमानतळावर सामान घेऊन बसली होती. "माय, मी घरी जाऊन राहिली," एवढंच बोलली अन् फोन अमोलजवळ दिला.

वयनी कोणावर ओरडली नाही. नारळ पदरात गुंडाळला. "नितेश, तुह्या शब्दावर लेक दिली म्या," ती म्हणाली.

तो तिथंच खाली बसला अन् रडला, लहान पोरावाणी, नाक ओढून ओढून. थोडा वेळ वयनीनं त्याले रडू दिलं. मंग तांब्या त्याच्यापुढं केला. आमच्या विहिरीचं खारं पाणी, पण तोही खारपाणातलाच पोरगा, तोंड न वाकडं करता प्यायला.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा बोर्ड उतरला. कंपनीनं नितेशले नारळ दिला. आमच्या पेटीतला नाही, तो दुसरा. आमच्या पेटीत मात्र विमानानं गेलेल्या अन् रेल्वेनं परत आलेल्या लोकायचे नारळ तसेच पडले होते. वयनी म्हणाली, ठेव आहे, पोचवाच लागते. नितेशच्या फटफटीवर मागं बसून ती घरोघरी फिरली, मांडीवर पोतं. अमरावती झाली, पार अकोल्याच्या जुन्या शहरातल्या बोळीतही जाऊन आली. दार उघडलं की दोरा दाखवायचा अन् ओटीत नारळ घालायचा. कोणी म्हणे, "अवं माय, आमी त विसरूनच गेलो होतो." ती म्हणे, "मी नाही विसरली." साऱ्या पेट्या रिकाम्या झाल्या अन् देवाच्या फळीवरचा तेवढा राह्यला.

त्या फळीसमोर ती दोन दिवस बसली. जेवायलेही तिथंच. तिसऱ्या दिवशी उठून म्हणाली, "ती येत नाही त मी जातो. माहेरच घेऊन जातो तिच्याकडं."

म्या म्हटलं, "अन् पाणी? लेकरू व्हायले अजून अवकाश आहे. तोवर काय उंटीण होशील?"

ती बाहेर गेली. थोड्या वेळानं विहिरीवर रहाटाचा आवाज आला. पाहतो त माहा भाऊ पाणी शेंदून राहिला अन् ही मोठमोठे डबे भरून राहिली, ते लग्नात थंड्या पाण्याचे येतात ना, तसे. सोबत ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, तिखट, मीठ. मीठही घरचं. म्या कपाळावर हात मारला, पण माही थैलीही भरली, कारण एवढे डबे ती एकटी कशी नेईन.

ठेसनावर पोचवायले नितेश आला. विमानाचा मॅनेजर रेल्वेवर पोचवायले, असं कोणी पाह्यलं नसन. त्याच्या हाती दोन हार. वयनीनं हार घेतला, बोटानं दाबून पाह्यला. "झेंडू कालचा आहे. कोणाकडून घेतला?"

"मावशी, तुमचं दुकान बंद आहे ना."

"मंग घरी यायचं, वाडी काय बंद आहे?" म्हणाली अन् हार गळ्यात घालून घेतला.

गाडीत टीसी आला. डब्यायकडं पाह्यलं. "बाई, यात काय आहे?"

"पाणी."

"एवढं?"

"लेकीकडं चालली. पहिलटकरीण आहे."

टीसी बुजरुग होता, टोपीखाली केस पांढरे. त्यानं एकडाव डब्यायकडं पाह्यलं, एकडाव वयनीकडं, मंग स्वतः वाकून एक डबा सीटखाली सरकवून दिला, लोकायचे पाय लागू नयेत म्हणून. नारळ वयनीच्या मांडीवर होता. रेल्वेत नारळाले कोणी अडवत नाही.

सकाळी करिश्मानं दार उघडलं. पोरगी अशी भरली होती की पाहूनच माह्या डोळ्यात पाणी आलं. वयनीनं आधी उंबरठ्यातच तिची ओटी भरली, तो पिवळ्या दोऱ्याचा नारळ. हलवला त खुळखुळ वाजला, आतून वाळून गोटा झाला होता. करिश्मा आत गेली अन् सवयीनं पाण्याचा गिलास घेऊन आली. वयनीनं मान हलवली अन् डब्याचं झाकण उघडलं.

करिश्मानं डब्याकडं पाह्यलं. "आपल्या विहिरीचं?" तिनं हातातला गिलास मोरीत ओतला अन् पुढं केला. "पहिले मले दे."

प्यायली. "बापा, किती खारं आहे वं," म्हणाली अन् दुसरा मागतला. तिसराही. चार महिन्यायपासून तिले हेच पाणी प्यावंसं वाटत होतं, पण फोनवर असले डोहाळे कोण सांगीन, अन् सांगून उपयोग काय, म्हणून बोलली नव्हती. वयनी तिच्या तोंडाकडं पाहत राह्यली. आपल्यासाठी आणलेलं पाणी लेक पिऊन राहिली, अन् ही डबा वाकवून वाकवून देऊन राहिली.

पण डबे म्हणजे काही विहीर नाही. मायलेकी दोघी पिणाऱ्या, संपायलेच पायजे होते. मले वाटलं आता तमाशा होईन. पण डबे संपेच ना. एक दिवस सकाळी मी लवकर उठली त मोरीत करिश्मा, एका हातानं कंबर धरून, नळाखाली डबा धरून उभी. मले पाहून तिनं ओठावर बोट ठेवलं. म्या डोळे मिटून घेतले अन् परत येऊन पडली.

वयनी उठली, डब्यातलं गिलासभर पाणी काढलं अन् प्यायली. आयुष्यभर खारं पाणी प्यालेली बाई, तिले फरक कळणार नाही? गिलास खाली ठेवला अन् पदरानं तोंड पुसलं.

"काही म्हणा, विहिरीचं पाणी ते विहिरीचं," म्हणाली.

मंग म्याच त्या डब्यातलं पाणी घेऊन चहा मांडला. दूध टाकलं. फाटलं नाही. म्या पातेलं तिच्या नाकासमोर नेलं. "वयनी, चहा पाहा कसा झाला, एकदम चांगला."

तिनं माह्याकडं असं पाह्यलं की म्या पातेलं मागं घेतलं. "चहा पी मुकाट्यानं," ती म्हणाली.

तसंच चाललं मंग. रोज सकाळी लेक डबा भरे, रोज माय पिये, अन् दोघींच्या मधात मी चोरावाणी.

पोरगी झाली. नाकीडोळी नीटस, आवाज आजीचा. ओटीतला तो पिवळ्या दोऱ्याचा नारळ फोडला, त्याचं खोबरं किसून वयनीनं डिंकाचे लाडू वळले. लेकरू घेऊन दवाखान्यातून घरी आलो त्या दिवशी करिश्मानं पोरीले माह्याजवळ दिलं अन् हळूहळू चालत मोरीकडं गेली. सरळ नळाखाली गिलास भरला अन् साऱ्यायसमोर मायपुढं धरला.

"माय, आता त नियम सुटला. आता माह्या घरचं पाणी पी."

वयनीनं गिलास घेतला. अर्धा प्यायली, थांबली, तोंडात घोळवल्यासारखं केलं अन् उरलेलं प्यायली.

"तेच आहे," ती म्हणाली.

"काय तेच?"

"इतके दिवस डब्यात भरून देत होती ते."

करिश्मा आधी हसली, मंग भिंतीले टेकून रडायलेच लागली. वयनीनं रिकामा गिलास तिच्यापुढं केला. "रडतं काय वं बाळंतपणात. आणखी दे. तहान लय दिवसाची आहे."